गावात आलेली बातमी आणि शिक्षक

(तालुका शिक्षण परिषदेत एका सेवानिवृत्त शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



गटशिक्षणाधिकाऱ्यांनी मला आजच्या परिषदेचे निमंत्रण दिले, तेव्हा विषय मीच निवडावा असे त्यांनी मोठ्या मनाने सांगितले. मी निवडलेला विषय अभ्यासक्रमात नाही, आणि त्याची तपासणी करण्यास कोणी अधिकारीही आपल्या शाळेत येणार नाही. गावात येणारी बातमी कोठून येते, तिच्यावर विश्वास कशाच्या आधारावर ठेवावा, आणि ती आपल्या हातून पुढे जाण्यापूर्वी शिक्षकाने काय पाहावे, एवढाच तो विषय आहे. आपल्या खेड्यांत आजही वादाचा मुद्दा निघाला म्हणजे कोणीतरी म्हणतो, "गुरुजींना विचारा," किंवा "बाईंना विचारा." हा मान आपणांस फुकट मिळालेला आहे, आपल्या आधीच्या पिढ्यांतील शिक्षकांनी तो मिळवून ठेवला. म्हणूनच आपल्या तोंडून गेलेली खोटी बातमी इतरांच्या तोंडून गेलेल्या बातमीपेक्षा अधिक दूर जाते.

प्रथम माझीच चूक सांगतो, म्हणजे उपदेश करण्याचा माझा अधिकार किती आहे हे आपल्या ध्यानात येईल. निवृत्तीपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते, रात्रभर झड लागलेली होती. माझ्या बीटातील मुख्याध्यापकांचा भ्रमणध्वनीवर एक गट होता. पहाटे साडेसहाच्या सुमारास एका सहकाऱ्याने मला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पत्राचे छायाचित्र पाठवले. अतिवृष्टीमुळे सर्व शाळांना सुट्टी जाहीर केली आहे, असा मजकूर. खाली शिक्का आणि सही. बाहेर पाऊस कोसळत होता, पत्र हाती होते. मी क्षणाचाही विचार न करता ते गटावर टाकले. नऊ वाजता कळले की पत्र खरे होते, पण मागील वर्षाचे. वरची पट्टी, जिच्यावर जावक क्रमांक आणि दिनांक असतो, तेवढीच कोणीतरी कापलेली होती.

शाळा सुट्या झाल्या, पोषण आहाराची शिजलेली खिचडी वाया गेली, याचे फारसे काही नाही. परंतु एका वस्तीशाळेतून दुसरीतला एक मुलगा घरी परतला, तो घराला कुलूप. आईवडील मजुरीस गेलेले. तो आईला शोधण्यास ओढ्याच्या बाजूने निघाला आणि सायंकाळी पाचपर्यंत कोणास सापडला नाही. सुदैवाने एका गुराख्याने त्याला आपल्या खोपटात बसवून घेतले होते. त्या सात-आठ तासांत त्या शाळेच्या बाईंनी ओढ्याचा काठ किती वेळा पायाखाली घातला असेल, याची कल्पना आपण करू शकता. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. मात्र त्या दिवसापासून कोणतेही पत्र हाती आले की माझी दृष्टी प्रथम दिनांकावर जाते.

आता यात माझे नेमके कोठे चुकले? मी म्हणालो असतो की सहकारी विश्वासू आहे. तो विश्वासू होताच, आजही आहे. परंतु बातमी त्याची नव्हती. त्याला ती दुसऱ्याने दिली होती, दुसऱ्याला तिसऱ्याने. आपण देणाऱ्याचा हात पाहतो आणि प्रथम बोललेले तोंड कोणाचे हे विचारावयाचे विसरतो. पाठवणाऱ्याच्या सज्जनपणावरून बातमीचा खरेपणा ठरत नाही. शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. शेजारी कितीही भला असो, बियाण्याची पिशवी घेताना शहाणा शेतकरी तिच्यावरचा लॉट क्रमांक आणि तपासणीची तारीख पाहतो आणि दुकानदाराची पावती जपून ठेवतो. कारण उगवण झाली नाही तर जाब कोणास विचारायचा, हे त्याला माहीत असावे लागते. बातमीचेही तसेच आहे. चुकली तर जाब कोणास विचारावा, याचे उत्तर जेथे मिळत नाही, तेथून आलेली बातमी पेरू नये.

माझ्या चुकीतून एक मूल वाचले. सर्वत्र असे घडत नाही. दिनांक १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे आदिवासी गाव आहे. त्या दिवशी तेथे आठवड्याचा बाजार होता. भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच माणसे तेथे आली. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातील. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. त्या दिवसांत मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश घरोघरच्या भ्रमणध्वनीवर येत होते. अनोळखी वेष, अनोळखी बोली, आणि मनात आधीच बसलेली भीती! जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तेथेच मारून टाकले. पाचही जण गेले. मुले पळवणारी टोळी त्यांच्यात नव्हती.

बंधुभगिनींनो, हे कार्यालय आपल्या गावच्या ग्रामपंचायतीसारखेच. जमावातील माणसे दरोडेखोर नव्हती. आपल्या लेकराबाळांच्या काळजीने वेडी झालेली बाजारकरी माणसे होती. त्यांनी केलेल्या कृत्याला क्षमा नाही. पण त्यांना कोणी काय दाखवले होते, तेही पाहिले पाहिजे.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक अशी होती: गल्लीत मुले खेळत आहेत, मोटारसायकलीवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि पसार होतात. पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकावा असे ते दृश्य. ही चित्रफीत भारतातील नव्हतीच. ती पाकिस्तानात कराची येथे, मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली होती. मूळ चित्रफितीत ते दोघे परत येतात, मुलाला सुखरूप खाली ठेवतात आणि हातात फलक धरून लोकांना सावध करतात. कोणीतरी तो शेवट कापला. कराचीतील संस्थेने मुले वाचवण्यासाठी जे केले, त्याच्या शेवटच्या काही क्षणांवर कात्री चालली आणि त्याने आपल्या देशात माणसे मारली. माझ्या पत्राची वरची पट्टी कापलेली होती, या चित्रफितीचा शेवट कापलेला होता. संपूर्ण खोटे रचण्यास बुद्धी लागते. खऱ्याचा तुकडा कापण्यास ती लागत नाही, म्हणून असल्या बातम्याच अधिक. अलीकडे यंत्राकडून हुबेहूब आवाज व चेहराही तयार करून घेता येतो, तेव्हा डोळ्यांनी पाहिले वा कानांनी ऐकले एवढा पुरावाही आता अपुरा झाला आहे.

त्याच १ जुलैच्या रात्री नाशिक जिल्ह्यातील मालेगावातही जमावाने याच संशयावरून पाच जणांना घेरले होते. त्यांच्यात एक लहान मूलही होते. तेथे मात्र स्थानिक लोकांपैकी काहींनी त्यांना घरात आसरा दिला आणि पोलिसांनी त्यांना सुखरूप बाहेर काढले. अफवा तीच, भीती तीच; फरक पडला तो दारात उभे राहून "थांबा" म्हणणाऱ्यांमुळे. पुढे त्याच महिन्यात व्हॉट्सॲप चालवणाऱ्या कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तो उपाय बरा आहे; पण पाच ठिकाणी गेलेली अफवा पुन्हा प्रत्येकी पाच ठिकाणी जाते, हा हिशेब आपली चौथीची मुलेही करून दाखवतील.

मग विश्वास ठेवावा तरी कोणावर? पुष्कळजण म्हणतात, वर्तमानपत्रावर ठेवावा. मीही काही अंशी तेच म्हणतो, पण का ते समजून घेतले पाहिजे. बाळशास्त्री जांभेकरांनी दि. ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले. मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ आपण तेथून मोजतो. कोकणातल्या पोंभुर्ल्याचा हा विद्वान पुढे अध्यापकांच्या वर्गाचाही प्रमुख झाला, म्हणजे शिक्षकांना शिकवणारा शिक्षक होता, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात असेल? आपला आणि बातमीचा संबंध असा जुना आहे. पुढे १८६७ च्या कायद्याने छापणाऱ्याचे व प्रकाशकाचे नाव पत्रावर छापणे बंधनकारक झाले. आता त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली असून तो १ मार्च २०२४ पासून अमलात आला आहे. कोणतेही दैनिक उघडून पाहा. बहुधा शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे आणि छापखान्याचा पत्ता असतो. त्या ओळी कोणी वाचत नाही. माझ्या मते त्या पानावरील सर्वांत मोलाचा मजकूर तोच होय, कारण चुकल्यास जाब कोणास विचारावा हे तेथे लिहिलेले असते. भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या निनावी संदेशाला असा तळ नसतो.

याचा अर्थ छापलेले सर्व खरे असा मात्र कोणी घेऊ नये. २००९ च्या निवडणुकांत उमेदवारांकडून पैसे घेऊन त्यांच्या स्तुतीचा मजकूर बातमी म्हणून छापला गेल्याचे प्रकार आपल्याच महाराष्ट्रात उघड झाले. एकच मजकूर शब्दशः निरनिराळ्या पत्रांत आला, तेव्हा वाचकांस तो प्रकार उमगला. प्रेस कौन्सिलने चौकशीसाठी दोन सदस्यांची उपसमिती नेमली आणि २०१० साली तिचा अहवाल तयार झाला. ही लबाडी उघडकीस आणली तीही पत्रकारांनीच, हे सांगितले नाही तर तो अन्याय होईल. तालुक्याच्या वार्ताहराची स्थितीही आपण जाणता. अनेक ठिकाणी त्याला मानधन नाममात्र, आणि वाढदिवसाच्या जाहिराती त्यानेच गोळा करावयाच्या. ज्याची जाहिरात आणली त्याच्याविरुद्ध बातमी लिहिणे त्यास किती कठीण जात असेल! म्हणून बातमी वाचताना ती कोणत्या गावाहून, कोणत्या तारखेस, वार्ताहराने की वृत्तसंस्थेने दिली आहे हे आधी पाहावे. "असे समजते", "अशी चर्चा आहे" हे शब्द आले की पेन्सिलीने खूण करावी. आणि ज्या पत्राला आपली चूक दुसऱ्या दिवशी छापून कबूल करण्याची लाज वाटत नाही, त्याची वर्गणी अवश्य भरावी. मी अनेक वर्षे दोन दैनिके घेत आलो. एक माझ्या मताचे आणि एक माझ्या मताच्या विरुद्ध. दुसरे वाचताना राग येतो. पण पहिल्यात काय गाळले आहे, ते दुसऱ्यामुळेच कळते.

सरकारी माध्यमांचे काय, असा प्रश्न येथे कोणीतरी निश्चित विचारील. १९७९ सालच्या मार्च महिन्याची २२ तारीख ज्येष्ठांस आठवत असेल. जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात अत्यवस्थ होते. त्यांचे निधन झाले, अशी माहिती दिल्लीस पोहोचली. प्रत्यक्ष लोकसभेत ती जाहीर झाली, श्रद्धांजली वाहिली गेली, आणि आकाशवाणीने ती देशभर सांगितली. जयप्रकाश तेव्हा जिवंत होते! त्यांचे निधन झाले ते त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला. लोकसभेहून मोठे व्यासपीठ या देशात कोणते? परंतु रुग्णाच्या खाटेपाशी उभा असलेला मनुष्य त्या दिवशी लोकसभेपेक्षा अधिक जाणत होता. उलट ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींच्या निधनाची वार्ता परदेशी नभोवाणीने दुपारीच दिली, तर आपल्या आकाशवाणीवर ती अधिकृतपणे येण्यास संध्याकाळ झाली. एकदा घाई नडली, एकदा विलंब. तरीही मी आजवर सकाळच्या प्रादेशिक बातम्या चुकवलेल्या नाहीत, कारण तेथे आरडाओरडा नसतो आणि ऐकणाऱ्याला घाबरवून बसवून ठेवण्याची गरज त्यांना वाटत नाही. सरकारी स्रोताविषयी मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. शासन आपल्या हुकमाविषयी जे सांगते ते प्रमाण मानावे. आपल्या कर्तबगारीविषयी जे सांगते ते इतर ठिकाणी पडताळून घ्यावे.

आणि हुकूम तरी मूळचा पाहावा. बदल्या, वेतन, सुट्ट्या यांविषयीचे 'शासन निर्णय' आपल्या गटांवर आठवड्याला दोन तरी येतात. ते पाहून काहींची झोप उडते, तर काही पेढे आणावयास निघतात. खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी, तो महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचे सांगून त्याचा संकेतांक दिलेला असतो. तो आकडा संकेतस्थळावर टाकावा. निर्णय निघाला तर खरा. दोन मिनिटांचे काम आहे. दुसऱ्यांची पत्रे तपासण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या माझ्यासारख्यांनीही ते केले नाही.

पावसाविषयीही असेच सांगता येईल. मे महिन्यात कोणी अमुक तारखेस मुसळधार पाऊस पडणार म्हणून ठामपणे सांगतो आणि त्या भरवशावर धूळपेरणी होते. पाऊस दडी मारतो; दुबार पेरणीचे कर्ज मात्र घरी राहते. १८७५ साली स्थापन झालेले भारतीय हवामानशास्त्र खाते एप्रिलमध्ये मोसमी पावसाचा पहिला दीर्घ अंदाज देते, मेअखेर तो सुधारते, आणि जिल्ह्यासाठीचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होतो. त्यांचेही अंदाज चुकतात. पण ते "शक्यता" हा शब्द वापरतात आणि पूर्वीचा अंदाज काय होता तो लपवत नाहीत. जो कधीच "शक्यता" म्हणत नाही, त्याच्यापासून शेतकऱ्याने चार हात दूर राहावे. शाळेच्या फळ्यावर हा सल्ला आठवड्यातून दोनदा लिहिला, तर दप्तराबरोबर तो घरोघर जाईल.

आता अवघड गोष्ट. गावकरी अफवा घेऊन येतो तेव्हा त्याला हसू नये. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम शाळाशाळांतून सुरू झाली, तेव्हा लसीविषयी नाना कुशंका पसरल्या आणि काही पालकांनी मुलांना त्या दिवशी शाळेत पाठवले नाही. जेथे शिक्षकांनी पालकांस अडाणी म्हटले, तेथे ते अधिकच दूर गेले. जेथे बाईंनी आरोग्य केंद्राच्या परिचारिकेस बोलावून पालकांसमोर प्रश्नोत्तरे करविली, आणि आपल्या स्वतःच्या मुलाला टोचून घेतल्याचे सांगितले, तेथे रांग लागलेली मी पाहिली.

माणसाला जे खरे असावेसे वाटते किंवा जे खरे असेल अशी भीती वाटते, ते तो लवकर मानतो. यात अडाणी-शहाणा असा भेद नाही. पानिपताची बातमी नानासाहेब पेशव्यांस भेलशाच्या मुक्कामी एका सावकाराच्या पत्रावरून कळली, असे इतिहासकार सांगतात. ज्याचा पैसा गुंतलेला असतो तो बातमी पारखून घेतो. पण सदाशिवरावभाऊ पडले, हे पुष्कळांच्या मनाला मानवेना. पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत सौभाग्यलेणी उतरवली नाहीत. मग भाऊसाहेब म्हणून एक तोतया उभा राहिला, कोकणात किल्ले त्याच्या हाती गेले, मोठमोठी माणसे त्यास मिळाली, आणि १७७६ साली त्याला देहान्त शासन झाले तेव्हाच ते बंड मोडले. पानिपताला पंधरा वर्षे उलटून गेली होती. पार्वतीबाईंच्या दुःखाला कोण हसेल? तोतयाची परीक्षा मात्र कोणीतरी करणे भागच होते. गावात त्या परीक्षकाच्या जागी लोकांनी आपणांस बसवले आहे.

ज्यास वेळ कमी आहे त्याने बातम्या कमी घ्याव्यात, पण त्याच त्या ठिकाणांहून नित्य घ्याव्यात. म्हणजे कोणता स्रोत केव्हा चुकतो याचा अंदाज येतो. अंगावर काटा आणणारी बातमी एक रात्र आपल्याजवळ ठेवावी. खरी असेल तर ती सकाळी इतरत्रही दिसेल. गावात अनोळखी मनुष्याविषयी संशयाची कुजबुज ऐकू आली, तर मात्र रात्रभर थांबू नये. तत्काळ पोलीस पाटलास कळवावे, आणि शक्य असल्यास स्वतः चावडीवर जाऊन बसावे.

एका शाळेत मी पाहिलेली एक व्यवस्था सांगतो आणि थांबतो. तेथील गुरुजींनी वार्ताफलकावर तीन रकाने केले होते: बातमी, कोठून मिळाली, आणि कोणी स्वतः पाहिली. मुले घरून बातम्या आणीत आणि आळीपाळीने लिहीत. मी गेलो त्या दिवशी पहिल्या रकान्यात लिहिले होते, "नदीपलीकडे बिबट्या आला." दुसऱ्यात, "आजोबांकडून." तिसरा रकाना रिकामा होता, आणि पाचवीतील दोन मुली खडू हातात घेऊन, आजोबांना कोणी सांगितले ते मधल्या सुट्टीत विचारून यावे की नाही, यावर वाद घालत होत्या. मला पुढच्या शाळेस जावयाचे असल्यामुळे त्या वादाचा निकाल मी ऐकू शकलो नाही. आपल्यापैकी कोणास असा फलक करावयाचा असल्यास त्याचा नमुना मी केंद्रप्रमुखांकडे देऊन ठेवला आहे.